थंड खोलीचा फोन

बाजारात त्याला सगळे गॅरंटी म्हणत, कारण काहीही विकलं की छातीवर हात ठेवून तो म्हणायचा, "काळजी सोडा, मी आहे ना." एका बड्या कंपनीची तापमान मोजणारी यंत्रं तो लोकांच्या थंड खोल्यांमध्ये बसवून द्यायचा. खोली तापली की मालकाला फोन जायचा. "यंत्रच फोन करतं. त्याला ना झोप, ना जेवण," असं तो सहा वर्षं सांगत आला होता, आणि त्याला स्वतःलाही ते खरंच वाटत होतं.

पहिलं यंत्र घेतलं ते सख्ख्या मामांनी. मामांचं औषधांचं दुकान होतं आणि मागच्या बाजूला इन्शुलिनची थंड खोली.

सोमवारी सकाळी मामांचा फोन आला. "ये जरा," एवढंच म्हणाले. दुकानात पोचला तर मागच्या दाराशी खोक्यांचा ढीग. शनिवारी दुपारी दुकान बंद झाल्यावर खोलीचा कॉम्प्रेसर बसला होता आणि पत्र्याखाली दीड दिवस सगळा माल शिजत होता. मामी एकेका खोक्यावर लाल पेनानं फुली मारत होत्या. पुढे काउंटरशी एक बाई रिकामी पिशवी घेऊन उभी होती. तिच्या नवऱ्याचं औषध आज संपत होतं. मामांनी तिला दुसऱ्या दुकानाचा पत्ता लिहून दिला. असं गिऱ्हाईक परत पाठवायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती.

गॅरंटीला सगळं ठाऊक होतं. दहा दिवसांपूर्वीच कंपनीचं पत्र आलं होतं. देखरेख विभागातली सगळी माणसं कमी केली होती, आणि तीही म्हणे 'आपणास अधिक तत्पर सेवा देता यावी म्हणून'. माणसांना घरी बसवायचं आणि उपकार मात्र आपल्यावर! यंत्राच्या नावाखाली इतकी वर्षं माणसंच फोन करत होती, हे त्याला तेव्हा कळलं. यापुढे इशारे विक्रेत्याच्या ईमेलवर येतील, ग्राहकांना विक्रेत्यानं कळवावं, असंही त्यात होतं. त्यानं कोणालाच कळवलं नाही. याच महिन्यात सगळ्यांचे करार नव्यानं व्हायचे होते. एकदा सह्या होऊ देत, मग हळूच सांगू, असा त्याचा हिशेब होता. शनिवारचा इशारा त्यानं आज येताना वाटेत उघडला.

"फोन आला नाही," मामा म्हणाले.

"कंपनीनं माणसं काढली, मामा. मलाही आत्ताच कळलं. आपल्या सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली त्यांनी."

मामींचं पेन थांबलं. मामांनी चष्मा काढून पुसला.

"ती मुलगी फार गुणाची होती."

"कोण मुलगी?"

"फोन करणारी. तू यंत्र म्हणालास म्हणून मी सुरुवातीला नुसतं ऐकून ठेवून द्यायचो. एकदा सहज 'आभारी आहे' म्हणालो, तर यंत्र म्हणालं, काका, तुमचा खोकला बरा झाला का?" मामा किंचित हसले. "नोकरी गेली त्या दिवशीही तिनं फोन केला. टेबल आवरता आवरता एकेकाला कळवत होती बिचारी. म्हणाली, काका, उद्यापासून मी नाही. इशारा तुमच्या भाच्याकडे जाईल, त्यांना पत्र गेलंय. मी म्हटलं, मग काय, घरचाच माणूस आहे."

गॅरंटीचा चेहरा खर्रकन उतरला.

"रोज वाटायचं, आज सांगशील. नाही सांगितलंस, तेव्हा म्हटलं, बोलून दाखवत नसेल, पण लक्ष ठेवून असेल. म्हणून रविवारी इकडे फिरकलोही नाही."

तो पुढ्यातलं खोकं उचलायला वाकला, तर मामींनी ते मुकाट्यानं आपल्याकडे ओढून घेतलं.

"कराराचा कागद आणला असशील ना? दे," मामा म्हणाले. "तुझ्या आईला यातलं काही कळायला नको."

मामींच्या हातातलं लाल पेन घेऊन त्यांनी सही केली आणि कागद त्याच्या हातात ठेवला. मग खणातून जुना काचेचा थर्मामीटर काढला, स्टुलावर चढले आणि थंड खोलीच्या दाराशी, त्या यंत्राच्या शेजारी, त्याच्यासाठी खिळा ठोकायला लागले.