रॅम्पच्या तोंडावरचे खांब

"उचलायचं नाही म्हटलं ना! चौघांनी उचलून न्यायला मी अजून मेलेले नाहीये."

आनंदीबाईंचा आवाज चढला तसा रखवालदार मागे सरला. आमोदने आईची चाकाची खुर्ची पुन्हा तिरकी करून पाहिली. छे! नदीकाठच्या त्या गुळगुळीत रॅम्पच्या तोंडाशीच दोन लोखंडी खांब ठोकले होते आणि खुर्ची काही मधून जाईना. शेजारी फलक मात्र झोकात उभा, त्यावर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र!

मांडीवरच्या मडक्यात श्रीधरपंत होते. "मला तुझ्या हातानं सोड," एवढंच मागून गेला होता माणूस. अर्धांगवायूनं घरात कोंडलेल्या बायकोला तो रोज संध्याकाळी याच रॅम्पवरून पार पाण्यापर्यंत न्यायचा.

"कुठल्या शहाण्याने लावले हो हे?"

"गाड्या घुसायच्या ना हितून, मावशी," रखवालदार म्हणाला. "मी नवा हाय, पन सांगत्यात, एक आजोबा बायकोला घेऊन यायचे. स्कूटरवाला खुर्चीला घासून गेला, तर आजोबांनी हापिसात जाऊन ठाणच मांडलं. खांब ठोकल्याबिगर उठणार न्हाई म्हनाले."

आनंदीबाईंनी मांडीवरच्या मडक्याकडे पाहिलं. "बंदोबस्त करून आलोय," असं त्या दिवशी श्रीधरपंत घरात शिरताशिरता म्हणाले होते, केवढ्या ऐटीत! त्याच आठवड्यात त्यांनी अंथरूण धरलं.

"धन्य आहे हो तुमची!" त्या मडक्याला म्हणाल्या. "माझी खुर्ची केवढी, ते तरी आठवायचं होतं!" संताप संताप झाला त्यांचा, आणि त्या संतापातही तो माणूस समोर भांडायला हवा होता.

"आई, मी ऑफिसात बोलतो. काढतील एखादा खांब."

"हो तर, बसलेच आहेत तुझी वाट बघत! परवा तुझं विमान आहे. जा, तूच सोड."

मडकं देण्याआधी त्यांनी मूठभर रक्षा काढून घेतली. आमोद बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरला, पाण्यात वाकला. तेव्हा आनंदीबाईंनी कठड्यातून हात लांब केला, होता होईल तेवढा, आणि मूठ सोडली. रक्षा पाण्यापर्यंत पोचलीच नाही. वरच्याच एका पायरीवर सांडली.

रखवालदाराने मान फिरवली. रिकाम्या हातांनी वर येणारा आमोद त्या पायरीपाशी थबकला, आणि कठडा धरून तेवढी एक पायरी ओलांडून वर आला.