चारशे मीटर आणि स्वयंपाकघराची खिडकी

शून्य मीटर

स्ट्रॉम्बोली बेटावर आम्ही ज्वालामुखीचं नाव घेत नाही. ‘तो’ म्हणतो. आज तो त्यातल्या त्यात गप्प आहे. काल त्याने अंगणात राख टाकली.

कातेना मावशी चौऱ्याहत्तर वर्षं त्याच्या पायथ्याशी राहिली आणि एकदाही वर गेली नाही. सारोकाका, तिचा नवरा, वाटाड्याचं काम करायचे. परतताना त्यांचा दिवा वळणावर दिसला की ती पास्त्यासाठी आधण ठेवायची. घरातलं एक जण वर गेलं की पुरे, म्हणायची.

सारोकाका गेल्यापासून त्या वाटेवर लोकांना मी नेते. मी अगातीना, मावशीच्या बहिणीची मुलगी.

पैज अशी. मावशीच्या मुलाला, पिनोला, तिला समुद्रापलीकडे मिलाझ्झोला, स्वतःच्या घरी न्यायचं होतं, कायमचं. एकटी असताना पडलीस तर कुणाला कळणार, हा त्याचा मुद्दा. मावशी म्हणाली, चारशे मीटर माझ्या पायांनी चढले तर या घराला कुलूप लागणार नाही. मध्येच उतरले तर उद्याच्या बोटीने तुझ्याबरोबर येते.

“आई, तू चर्चच्या पायऱ्यांवर दोनदा थांबतेस.”

“गप्पा मारायला थांबते,” मावशी म्हणाली.

एकशे वीस मीटर

धाप कुणाला लागली होती ते लिहीत नाही. त्याच्या मिलाझ्झोच्या इमारतीला लिफ्ट आहे.

पुढे मी, मागे दोन डच बायका, मग सारोकाकांची काठी टेकत मावशी, शेवटी पिनो. डच बायकांनी विचारलं, पुढचा स्फोट कधी? मी घड्याळ बघायच्या आत मावशी बोलली, “आता

धाड.

होईल,” तिने वाक्य पुरं केलं. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मावशीला यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

दोनशे नव्वद मीटर

इथपर्यंत कुणीही येऊ शकतं. पुढे वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. इथून मागे फिरलेल्या माणसाची त्या दिवशीची चढण संपली.

आम्ही बसलो. मावशीने फडक्यातून कडक पाव, टोमॅटो आणि खारवलेल्या केपरच्या कळ्या काढल्या. तेवढ्यात एक खोल, लांबलेला स्फोट झाला. बुडाखालचा दगड हलला. नेहमीचंच होतं, पण मावशीचा हात पावावरच थांबला.

“पिनो, स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे ना?”

आमच्या गावात घराबाहेर पडताना दार लावतात, खिडकी लावत नाहीत. कडी घातलेली काच हादऱ्याने फुटते. इथल्या पोराटोरांनाही हे सांगावं लागत नाही.

पिनोने बुटांकडे पाहिलं. “वारा येत होता. मी कडी घातली.”

मावशी रागावली नाही. तिने पाव परत फडक्यात बांधला. त्या तावदानाची काच सारोकाकांनी शेवटच्या उन्हाळ्यात बसवली होती. कडेच्या पुट्टीत त्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे. हे मला माहीत होतं, पिनोलाही होतं.

“मी उतरते,” ती म्हणाली.

 

(वरची ओळ मी मोकळी सोडली आहे. तेवढा वेळ पिनो पैज जिंकलेला होता. त्याला फक्त बसून राहायचं होतं.)

“बस, आई. मी जातो.”

“तू दमलायस.”

“उतरायला काय दम लागतो?”

“आणि पैज?”

“तू चढ.” तो उठला, पँट झटकली. “माझ्यासाठी पाव ठेव. सगळा या बायांना वाटू नकोस.”

मग तो पळाला. चाळिशीतला, पोट सुटलेला माणूस, पण प्रत्येक दगड पायांच्या ओळखीचा. मावशी त्याच्याकडे बघत राहिली. “हा लहानपणी असाच पळताना पडायचा,” म्हणाली. तो पडला नाही.

चारशे मीटर

सूर्य समुद्रात गेला होता. आणि ‘त्याने’ लाल ठिणग्यांचा झाडाएवढा उंच फवारा उडवला. निखारे उतारावरून खडखडत पाण्यापर्यंत गेले. या वेळी डच बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशी काठीवर दोन्ही हात ठेवून खूप वेळ पाहत होती.

“कसा वाटला?” मी विचारलं.

“आवाजावरून मला मोठा वाटला होता,” ती म्हणाली. “पण देखणा आहे.”

पुन्हा वळण

उतरताना गाव दिसतं ते हेच वळण. मी मावशीला दुर्बीण दिली. ती नको म्हणाली, आपलं घर शोधायला दुर्बीण कशाला. स्वयंपाकघरात दिवा होता. खिडकी सताड उघडी. खिडकीत एक जाड आकृती होती आणि ती भांड्यांचं फडकं हलवत होती.

मावशीने कपाळावरचा दिवा काढून हातात घेतला आणि डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे फिरवला. आकृती आत गेली.

“आधण ठेवायला गेला,” ती म्हणाली. “मीठ विसरेल. चल लवकर.”