मार्सेल सुताराचा गुण्या

मी गुण्या बोलतो आहे. लाकडाचा कोपरा काटकोनात बसला की नाही, हे सुतार ज्या हत्याराने पाहतो, तेच मी. शिसवी दांडा, लोखंडी पाते आणि दोघांना धरून ठेवणारे तीन खिळे, एवढेच माझे शरीर. ठाण्याच्या खाडीकाठी, चेंदणीत, मार्सेल सुताराने मला १८५२ साली घडवले.

१८६१च्या पावसाळ्याआधी घरे शाकारताना मी छपरावरून दगडी जोत्यावर पडलो. एक खिळा ढिला झाला. मार्सेलने मला उचलले, पुसले आणि पेटीत ठेवले. वरवर काही दिसत नव्हते. पण त्या दिवसापासून माझे पाते टोकाला तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतके बाहेर झुकले. मला ते ठाऊक होते. सांगायला तोंड नव्हते.

मार्सेलमागे मी त्याच्या मुलाकडे, युजीनकडे आलो. युजीनची दारे चेंदणीत नावाजलेली. ती सरळ कशी येत, ते मी पाहत होतो. मला टेकवून रेघ ओढताना त्याचा अंगठा पात्याचे टोक किंचित आत दाबायचा. मागे एकदोन चौकटी बिघडल्या, तेव्हा हाताने आपणहून ही सवय लावून घेतली होती. युजीनला तिची खबर नव्हती.

युजीनचा मुलगा ह्युबर्ट १८८३ साली इंग्रजी शाळेत चौथीत होता. मराठी शाळेत गणित म्हणजे पाढे, पावकी, निमकी. इथे त्याचे तीन भाग झाले होते. अंकगणित रोज, बीजगणित आठवड्यातून तीनदा, भूमिती मंगळवारी आणि शुक्रवारी. तिन्हींत वेगवेगळे पास व्हावे लागे. ह्युबर्ट अंकगणितात हुशार, पण भूमितीत आदल्या साली राहिला होता. यंदाही राहिला तर पटावरून नाव कमी होणार, असे शाळेने कळवले होते.

युजीनने मला पेटीतून काढून त्याच्या हातात दिले. "हा घे. पुस्तक खोटं बोलेल, हा नाही बोलणार."

सहामाही परीक्षेत ह्युबर्टने सिद्धतेच्या जागी लिहिले, ‘गुण्या लावून पाहिला. काटकोन आहे.’ मास्तरांनी युजीनला बोलावून घेतले.

"मिस्त्री, हे तुम्ही शिकवलंत?"

"होय, मास्तर. तंतोतंत मोजायला शिकवलं."

"भूमितीत मोजून भागत नाही, पटवून द्यावं लागतं. पाचवा सिद्धान्त चौथ्यावर उभा असतो. चौथा कच्चा ठेवून हा पाचवा पाठ करतो."

"म्हणजे जोत्याआधी छप्पर."

"अगदी तेच."

युजीनने टोपी हातात फिरवली. "पण मास्तर, मला इंग्रजी येत नाही, भूमिती येत नाही. मी काय मदत करणार?"

"येत नाही हे बरंच आहे. रोज अर्धा तास समोर बसा आणि त्याला मराठीत सांगायला लावा. उत्तर देऊ नका, हत्यारही देऊ नका. तो काही म्हणाला की विचारा, कशावरून? अडला तर ओरडू नका. एक पायरी मागे जाऊ द्या."

त्या दिवसापासून संध्याकाळी जेवणाआधी ओसरीवर हा एकच शब्द ऐकू येऊ लागला. युजीनची बायको थेरेसा तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "भात शिजलाय म्हटलं तरी विचाराल, कशावरून?"

पहिला महिना ह्युबर्ट चिडायचा. दुसऱ्या महिन्यात तो स्वतःच मागच्या पायरीवर जाऊ लागला. एका संध्याकाळी त्याने फळीवर आकृती काढली आणि म्हणाला, "हा काटकोन."

"कशावरून?"

"गुण्यावरून."

"गुण्या चालत नाही, मास्तरांनी सांगितलंय."

"मग तुमच्या चौकटीत कसा चालतो, बाबा?"

"अरे, माझ्या बापाचा गुण्या आहे तो!"

"म्हणून तो बरोबर? कशावरून?"

थेरेसा हसली. युजीन हसला नाही.

ह्युबर्ट व्याख्या सांगू लागला. एका रेषेवर दुसरी उभी केली आणि दोन्ही बाजूंचे कोन सारखे आले, तरच ते काटकोन. त्याने मला फळीच्या कडेला टेकवून एक रेघ ओढली. मग मला पालटून त्याच बिंदूतून दुसरी ओढली. दोन्ही एकत्र निघाल्या आणि वर जाता जाता फाकल्या. थेरेसाने सुपातले दोन दाणे टोकाशी, रेघांच्या मध्ये ठेवले. बरोबर मावले.

पालटून पाहायची रीत युजीनला माहीत नव्हती असे नाही. दुसऱ्यांचे दहा गुण्ये त्याने असे पारखले असतील. बापाचा कधी पारखला नव्हता.

तो उठून गल्लीत गेला आणि आपण बसवलेली दारे ओळंबा धरून पाहत फिरला. परत आला तेव्हा चेहरा गोंधळलेला होता. "दारं तर सरळ आहेत." मग मला हातात घेऊन त्याने सवयीने रेघ ओढली आणि आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिला.

"पोरा," तो म्हणाला, "मी तुला अर्धंच दिलं होतं. उरलेलं या अंगठ्यात होतं."

दुसऱ्या दिवशी त्याने माझा खिळा बदलला आणि पाते घासून सरळ केले. ह्युबर्ट वार्षिक परीक्षेत भूमितीत पास झाला, पण जेमतेम, पास होण्यापुरत्या गुणांहून तीनच जास्त मिळवून. नाव पटावर राहिले. युजीनच्या चौकटी मात्र बिघडू लागल्या, कारण मी सरळ झालो तरी अंगठा दाबतच होता. कल्याणचे एक दार त्याला दोनदा उतरवावे लागले. माझी चूक विसरायला त्याच्या हाताला आठ महिने लागले.

आज १८९७ साल आहे. ह्युबर्ट कल्याणला रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढतो. युजीनला आता बारीक रेघ दिसत नाही, म्हणून मी ओसरीवरच्या खुंटीला असतो. आईबापांना माझे एवढेच सांगणे आहे की, घरातले हत्यार मुलाच्या हाती दिलेत की आधी त्याला ते पारखू द्या, आणि त्याने पारखले तर रागावू नका.

परवा ह्युबर्टची सहा वर्षांची ज्युलियाना मला मागू लागली. युजीनने चाचपडत मला खुंटीवरून काढले, फळी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "घे. पण आधी पालटून बघ."