उतरायची सोपी तऱ्हा

कागद गिरणीत मी एकवीस वर्षं हजेरी लिहिली. कोण किती मिनिटं उशिरा आला आणि कोणती सबब सांगितली, हे अजून तोंडपाठ आहे. गिरणी बंद पडल्यावर आमच्या खोऱ्यातल्या शाळेने मोठ्या माणसांसाठी पवनचक्की-दुरुस्तीचे वर्ग काढले आणि मला चष्मे सांभाळायला बसवलं. हा व्हीआर चष्मा डोळ्यांवर चढवला की माणूस तीनशे फुटांवर, पवनचक्कीच्या माथ्यावर. बाहेरून बघणाऱ्याला दिसतो तो सतरंजीवर उभा राहून हवेत पान्हा फिरवणारा पन्नाशीचा गडी. हसू आवरायची सवय मी गिरणीतच लावून घेतली होती.

ओडील सीर चौदा जणांत पहिली. वय चव्वेचाळीस, गिरणीत फोर्कलिफ्ट चालवायची. पवनचक्क्यांच्या कंपनीने तिला सोमवारपासून जागा देऊ केली होती, पण शुक्रवारी पास झाली तरच. नाहीतर जागा दुसऱ्याला, आणि हिला घर विकून पोरीकडे दक्षिणेत जावं लागणार. "तिथे मला कुट्टूची धिरडी कोण घालेल?" असं ती जेवणाच्या सुट्टीत विचारायची. खरं दुःख धिरड्यांचं नव्हतं, हे न कळण्याइतकं कोणी बावळट नव्हतं.

शुक्रवारी मागच्या अंगणातल्या पन्नास फुटी लोखंडी मनोऱ्यावर परीक्षा. कमरेच्या पट्ट्याला शिडीत अडकवायचे दोन हुक. एक काढायचा तर दुसरा अडकलेला हवा, एवढा एकच नियम. शिवाय नॉर्बेर पेलटीएची पिवळी दोरी. नॉर्बेर म्हातारा शिक्षक, उभं आयुष्य उंचीवर गेलेला. चष्म्यावर शिकलेल्यांना ही जादा दोरी नको, वेळ जातो, असं शाळेच्या संचालकबाईंनी त्याला लेखी कळवलं होतं. त्याने त्या कागदात सँडविच गुंडाळलं आणि दोरी बांधतच राहिला.

ओडील सरसर चढली. वरचा बोल्ट आवळला. मी खाली वही घेऊन वेळ टिपत होतो, आणि वेळ फारच छान होती. मग तिने एक हुक काढला. दुसराही काढला. आणि जिन्याची शेवटची पायरी उतरावी तितक्या सहज तिने हवेत पाऊल टाकलं.

पिवळी दोरी ताणली. ओडील सहा फूट खाली येऊन लटकली, गोल फिरत राहिली. ओरडली नाही.

नॉर्बेरने तिला हळूहळू खाली घेतलं, हेल्मेट काढलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "ओडील, जीव द्यायचा होता का तुला?"

"नाही," ती म्हणाली. "काम झालं होतं. मी खाली येत होते."

तिने माझ्याकडे बघितलंही नाही, म्हणून मलाच बोलावं लागलं. चष्मे सहा, माणसं चौदा. चष्म्यात वरचं काम झालं की यंत्र हिरवी खूण दाखवतं, गुण तिथेच संपतात. शिडीने उतरायला बारा मिनिटं. उडी मारली की क्षणभर अंधार, आणि माणूस पुन्हा सतरंजीवर, पुढच्याला चष्मा मोकळा. ही युक्ती मीच सगळ्यांना सांगितली होती. ओडीलने तीन आठवड्यांत एकसष्ट उड्या मारल्या होत्या. यंत्राने एकही चूक धरली नव्हती.

नॉर्बेरने माझ्या हातातली वही मिटली. "रोझेर, गिरणीत तू मिनिटं मोजायचास," तो म्हणाला, "तिथे माणसं निदान जमिनीवर होती." मग ओडीलकडे वळला. "परत चढ. या वेळी मी फक्त उतरणं बघणार."

ती चढली. माथ्यावर तिचा हात आपणहून हुकाकडे गेला. खालून आम्हाला स्पष्ट दिसलं. तिने तो हात डोळ्यांसमोर धरून पाहिला, दुसऱ्याचा असावा तसा. मग एकेक पायरी मोठ्याने मोजत, प्रत्येक हुक दोनदा ओढून बघत उतरली. एकोणीस मिनिटं. यंत्राने त्यातलं एकही मोजलं नसतं. नॉर्बेरने सही केली.

ओडीलने हेल्मेट माझ्या हातात दिलं. मला वाटलं, आता शिव्या येणार.

"आधीच्या बॅचेसनाही सांगितलं होतंस?" तिने विचारलं.

चष्मे आल्यापासून दोन बॅचेस होऊन गेल्या होत्या. एकोणीस माणसं, परीक्षेला सगळी जपून शिडीने उतरलेली, आता कामाला लागलेली. तिथे पिवळी दोरी कोणी बांधत नाही.

मी कचेरीत धावलो. रजिस्टरातला पहिला नंबर अल्सीड मिशोचा. त्याने फोन लगेच उचलला. मागे वारा घोंघावत होता.

"कुठे आहेस?"

"वर. आटोपलं बघ, निघालोच होतो खाली."

"अल्सीड," मी म्हणालो, "हलू नकोस. हुकांना हात लाव आणि किती अडकलेत ते मला सांग."

तो हसला. मग त्याचं हसू थांबलं.

"एकही नाही," तो म्हणाला.