कालवांच्या डिंकात मका

निकालात सर्वांत वर मका होता. पेइ-लुनने फाईल बंद करून पुन्हा उघडली. मका तिथेच होता.

तिने नमुना दिला होता कालवांचा. कालवाचं पिल्लू तरंगता तरंगता एखाद्या शिंपल्यावर कायमचं चिकटतं, तेव्हा ते थोडा डिंक सोडतं. त्या डिंकात आजवर कुणी न पाहिलेलं प्रथिन आहे, असा तिचा दावा होता आणि तिचा सगळा प्रबंध त्यावर उभा होता. शुक्रवारी तोंडी परीक्षा होती. परीक्षकांनी एकच गोष्ट आणायला सांगितली होती, ती म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या सामायिक प्रयोगशाळेचा निकाल. पिल्लं चिकटण्याचा हंगाम सरला होता, नवा डिंक आता पुढच्या वर्षीच मिळणार होता.

तिच्या मार्गदर्शकांनी, यान सरांनी, निकाल दोनदा वाचला. मग त्यांनी विचारलं, "सकाळी काय खातेस तू?"

"मका घातलेलं अंड्याचं धिरडं, सर."

"कुठे बसून?"

"टेबलापाशी."

"कुठल्या टेबलापाशी?"

पेइ-लुनने नमुन्यांच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"म्हणजे दोन वर्षं आपण न्याहारीचा अभ्यास केला," सर म्हणाले. "वर जा. त्साओताईंना विचार. त्यांची चूक निघाली तर मला आनंद होईल."

त्साओताई सामायिक प्रयोगशाळा सांभाळत. सगळ्या विभागांचे नमुने त्यांच्याकडे येत. प्रथिनाचे बारीक तुकडे करून मशीनमध्ये सोडले, की ते कुठल्या सजीवाचं आहे हे मशीन सांगे. तैनानच्या उकाड्यातही ताई लोकरीचा स्वेटर घालून बसत, कारण मशीनसाठी खोली थंड ठेवावी लागे.

"ये गं, मकेवाली," त्या म्हणाल्या. "मलाही चैन पडलं नाही. आधी फक्त कालवांत शोधलं, तर हाती काहीच लागेना. मग सगळ्या सजीवांत शोधलं, तर हे."

"ताई, मशीनमध्येच मका असेल?"

"तुझ्या आधी रिकामा नमुना चालवला, नंतरही चालवला. दोन्ही स्वच्छ. मका तुझ्याच नळीतून आला. धिरडं कमी खा."

"धिरड्यात अंडं असतं. मग यात कोंबडी कुठेय?"

ताईंनी चष्मा लावला आणि निकाल खालपर्यंत वाचला. कोंबडी नव्हती. पण गाय होती.

"दूध!" ताई म्हणाल्या. "चहा दुधाचा घेतेस ना?"

"घेते."

"मग झालं."

"पण ताई, चहा सांडला आणि धिरडं सांडलं, त्यातलं अंडं तेवढं सांडलं नाही, असं कसं होईल?"

दोघी मशीनकडे बघत उभ्या राहिल्या. मशीनवर नेहमीसारखं कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं होतं. पाकीट असलं की मशीन नीट वागतं, असं इथे सगळेच मानत. ते हिरवंच लागतं आणि त्याची मुदत संपलेली चालत नाही. मुदत संपत आली की ताई नवं ठेवत. जुनं फेकणं बरं नव्हे, म्हणून त्या दिवशी ज्यांचे नमुने असतील त्यांना ताई बाहेरच्या व्हरांड्यात प्रसादासारखं वाटत.

"ताई, हे पाकीट नवं दिसतंय," पेइ-लुन म्हणाली. ताईंनी मान डोलावली.

"माझा नमुना गेला त्या दिवशीच बदललंत ना?" पेइ-लुनने लगेच पुढे विचारलं. "मी मूठभर खाल्ले. तुम्हीच म्हणालात, परीक्षा आहे, जास्त घे."

ताईंनी पाकीट न हलवता, मान वाकडी करून मागची बारीक अक्षरं वाचली. मका होता. दुधाची भुकटी होती. नारळही होता.

"मग निकालात नारळ कुठेय?" ताई म्हणाल्या.

"नुसता वास असेल नारळाचा."

"खाल्ल्यावर हात धुतलेस?"

पेइ-लुनला आठवेना. हात पँटला पुसल्याचं आठवत होतं. मग हातमोजे चढवून तिने, प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलच्या पट्टीतून, आपल्या नमुन्याचा तुकडा स्वतःच कापला होता. इथला नियमच तसा होता, ज्याचा नमुना त्याने कापायचा.

"त्याच पट्टीत तुझ्याच डिंकाची दुसरी रांग आहे, अजून न कापलेली," ताई म्हणाल्या. "शीतकपाटात झाकून ठेवलीय. पण तेवढीच. तीही बिघडली तर मी काही करू शकणार नाही."

"उद्या चालवाल? पाकीट मात्र खोलीबाहेर ठेवूया का?"

"वेडी आहेस का?" ताईंचा आवाज चढला. "मागे सफाईवाल्याने हलवलं, तर पंप बसला!"

पेइ-लुननेही पुन्हा तो विषय काढला नाही. पंप बसलेला तिलाही परवडणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती उपाशीपोटी आली. दोनदा हात धुऊन तिने तुकडा कापला. ताई दारात पहारा देत होत्या. निकाल लागेपर्यंत दोघींनी काही खाल्लं नाही. जिन्यात भेटलेल्या एकाने चिकूचं बिस्किट पुढे केलं, तेव्हा ताईंनी त्याला हाकललंच.

संध्याकाळी निकाल आला. सर्वांत वर कालव होतं, आणि प्रथिन तेच, तिचंच. मका नव्हता, गाय नव्हती. अगदी तळाला मात्र मेंढी होती.

दोघींनी एकदमच स्वेटरकडे पाहिलं.

"तळाला आहे," ताई घाईने म्हणाल्या. "तळाचं कुणी वाचत नाही."

यान सरांनी निकाल बघून मान डोलावली. "छान. मग मका कशातून आला होता? धिरड्यातून की कुरकुऱ्यांतून?"

"काल मी दोन्ही खाल्लं नाही, सर."

"दोन्ही एकदम सोडलंस?" सरांनी कपाळाला हात लावला. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो मी हे."

"मग आता कसं कळणार?"

"कळणार नाही," सर म्हणाले. "परीक्षकांनी विचारलं, तर तेच सांग."

शुक्रवारी सकाळी, निकालाचा कागद पिशवीत ठेवून, ती कोपऱ्यावरच्या न्याहारीच्या टपरीसमोर उभी राहिली. मालकिणीने तव्यावर पीठ ओतलं.

"नेहमीचंच ना, पोरी? मका घालून?"

मागे रांग वाढत होती. पेइ-लुनने निकालाची पिशवी तव्यापासून लांब धरली आणि म्हणाली, "घाला मका. आज फक्त कुरकुरे सोडलेत."