दोनशे ब्याण्णवची पूजा

बर्व्यांच्या एडमंटनच्या घरात दोन देवघरं होती. एक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, सून चैत्राली सांभाळायची ते. दुसरं गॅरेजमध्ये, आणि सोवळं तिथलं जास्त कडक. तिथं सहासष्ट सालचा अमेरिकन पिकअप उभा होता. त्याच्या पोटात दोनशे ब्याण्णव घनइंचांचं इंजिन होतं, सहा सिलिंडर एका ओळीत, फॅक्टरीतून निघताना होतं तेच. चैत्रालीचे सासरे उल्हास बर्वे, घरच्यांचे अप्पा, गेली चार वर्षं त्याच्यापुढं मांडी ठोकून बसले होते.

"हे धूड काढ आणि व्ही-एट टाक," त्यांचा मित्र शशिकांत दर भेटीत म्हणायचा. दोघं एकोणीसशे सत्तरच्या आसपास एकाच हिवाळ्यात इथं आलेले. "सगळं जग तेच करतं."

"जगाला आवाज हवा असतो," अप्पा म्हणायचे. "सहा जण एका ओळीत चालले की कपातला चहा हलत नाही. ते तुला नाही कळायचं."

मुलगा निमिष, चैत्रालीचा नवरा, याला गॅरेजात मज्जाव. बाराव्या वर्षी त्यानं पाना उलटा धरला होता, ती गोष्ट अप्पा अजून पाहुण्यांना रंगवून सांगत. "आमच्या चिरंजीवांना बल्ब बदलायलाही मॅन्युअल लागतं." सगळे हसत. निमिषही हसायचा, जरा जास्तच.

आत जायची मुभा एकट्या जाईला होती. सहा वर्षांची नात. तिला आतलं सगळं ठाऊक होतं. उघडं भोक दिसलं की आधी त्यात चिंधी कोंबायची. इंजिनावर वाकताना खिसे रिकामे करायचे. आणि कोणत्या सिलिंडरात आधी ठिणगी पडते तो क्रम, जो ती पाढ्यासारखा म्हणायची: "एक, पाच, तीन, सहा, दोन, चार!" अप्पा म्हणायचे, "बापाला हे चाळीस वर्षांत आलं नसतं." इंजिन सुरू झालं की पहिली फेरी जाईची, शाळेच्या दारापर्यंत, असं वचन होतं. वर्गात तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मुहूर्त दसऱ्याचा ठरला. दोन हजार नऊचा सप्टेंबर, झाडं पिवळी पडलेली, सकाळी गवतावर दहिवर. चार घरची माणसं गॅरेजमध्ये दाटीवाटीनं उभी राहिली. पहिल्यांदा सुरू करताना वरून थोडं पेट्रोल ओतायला लागतं, म्हणून कार्बोरेटरचं तोंड उघडं होतं. अप्पांनी त्यातली चिंधी काढली, तोंडावर विड्याचं पान ठेवलं, पानावर सासूबाईंची चांदीची पावली, जुनं चार आण्यांचं नाणं, आणि पावलीवर सुपारीचा गणपती. सासूबाई असताना घरातली प्रत्येक पूजा त्याच पावलीवर व्हायची. जाई शेजारीच, पुढच्या चाकावरच्या फेंडरवर बसली होती, नवा परकर सावरत. चैत्राली नैवेद्य आणायला आत गेली.

मंत्र झाले. उत्तरपूजा झाली. देव हलवायचा म्हणून अप्पांनी सुपारी बोटानं जराशी ढकलली, मग उचलून तबकात ठेवली, पान काढलं, झाकणभर पेट्रोल ओतलं आणि किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं. अप्पांनी फेंडरवर ठेवलेल्या कपातला चहा खरोखर हलला नाही. शशिकांतसुद्धा "वा!" म्हणून गेला. मग अप्पांनी पाय दाबला. आतून टक् झालं, आणि पाठोपाठ कुणी घणानं पोलाद कुटावं तसा आवाज.

त्यांनी किल्ली बंद केली.

"व्ही-एट टाक म्हणालो होतो," शशिकांत म्हणाला.

अप्पा खाली उतरले. "आत काहीतरी पडलंय. तोंडाशी कोण होतं?" नजर सरळ मुलाकडं. "तू?"

"मी नाही, अप्पा." निमिषनं लेकीकडं बोट केलं. "जाई बसली होती तिथं. तिनंच टाकलं काहीतरी. मी पाहिलं."

"आय डिडन्ट, आजोबा," जाई म्हणाली.

अप्पांनी तिला काखेत धरून उचललं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं, निकामी झालेला भाग बाजूला ठेवावा तसं. "या घरात एकीच्या हाताला वळण आहे असं वाटलं होतं. बापावर गेलीस. पुन्हा इथं पाय टाकायचा नाही."

चैत्राली ताट घेऊन आली तेव्हा लेक ड्राइव्हवेवर उभी होती. परकराला कुंकवाचा हात पुसलेला. ती रडत नव्हती. हाताच्या बोटांकडं एकटक बघत होती.

त्यानंतर अप्पा नातीशी बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तरी ते चैत्रालीला म्हणत, "तिला सांग, मीठ सरकव." जाई सरकवायची, आणि हात पटकन मांडीवर घ्यायची.

दिवाळीच्या आधी चैत्रालीनं पूजेचा डबा घासायला काढला. सुपारी होती, हळकुंड होतं, बदाम होते. पावली नव्हती. ती डबा तिथंच टाकून चहाच्या निमित्तानं गॅरेजमध्ये गेली. इंजिनाचं हेड उतरलेलं होतं. बाकावर झाकणात फुटक्या पिस्टनचे तुकडे, आणि त्यांच्यात चेपलेली, कडा दुमडलेली चांदी.

"अप्पा, ही पावली."

"हो."

"कधी सापडली?"

"तिसऱ्या दिवशी." त्यांनी लपवलं नाही. "पानावरून घसरली असणार, सुपारी हलवताना."

"तुम्ही हलवताना."

ते पाना पुसत राहिले.

"मग जाईला सांगा ना. दोन आठवडे झाले, पोरगी कशाला हात लावत नाही."

"बरंच आहे की. वळण लागलं." पाना ठेवून ते तिच्याकडं वळले. "बहात्तराव्या वर्षी पोरीपुढं नाक घासू? आणि शशिकांतला काय सांगू, माझ्याच हातानं गेलं? माझं जाऊ दे. तुझ्या नवऱ्यानं काय पाहिलं ते विचार त्याला!" आणि ते हसले. मनापासून हसले.

निमिष ड्राइव्हवेवर पहिला बर्फ शोव्हल करत होता.

"काय पाहिलंस तू?"

त्यानं मान वर केली नाही. "फोन बघत होतो. तुला अप्पांचा राग माहीत नाही, चैतू."

"तिला झाला माहीत. आता जा, सांग तिला."

"सांगेन. वेळ बघून." फावडं पुन्हा बर्फात गेलं.

त्याची वेळ येईना. शेवटी आंघोळ घालताना चैत्रालीनं पावली लेकीच्या ओल्या तळहातावर ठेवली. "ही बघ, राणी. ही आत पडली होती. आजोबांच्या हातून. तू काहीच केलं नव्हतंस."

जाईनं पावली उलटसुलट करून पाहिली. तिच्या कपाळावर आठी पडली, गणित न सुटल्यासारखी.

"बट बाबा सॉ मी," ती म्हणाली.

"बाबांची चूक झाली, बाळा."

"नो. बाबा सॉ मी." तिनं पावली आईच्या हातात परत दिली, अगदी कडेला धरून. "आय जस्ट डोन्ट रिमेंबर इट."

मे महिन्यात इंजिन पुन्हा उभं राहिलं. नवा पिस्टन, नवे व्हॉल्व्ह, चहा हलेना. अप्पांनी ट्रक दारापुढं आणला, आणि साताठ महिन्यांत जणू काही घडलंच नव्हतं अशा सुरात हाक मारली, "चल जाई, शाळेत सोडतो!"

जाईनं आईकडं पाहिलं, मग बापाकडं. निमिष म्हणाला, "जा ना, आजोबा बोलावतायत."

ती चढली. सीटवर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले.

"म्हण बघू पाढा," अप्पा म्हणाले. "एक, पाच..."

"आय फरगॉट."

कालच ती टबात बसून भिंतीच्या फरशा त्याच क्रमानं मोजत होती. चैत्रालीनं ऐकलं होतं.

"बरं, दार लाव. निघू."

जाईनं हँडलकडं पाहिलं. हात मांड्यांखालून निघाले नाहीत.

"आई," ती म्हणाली, "यू डू इट."

इंजिन एका लयीत चालू होतं. निमिष घड्याळ बघत होता. चैत्रालीनं दार लावलं.