सिमलेस्कारच्या खुंट्या

"वन्सं, तो डबा खाली ठेवा. झाकण वाजलं तर अख्खा कळप डोंगरापलीकडे जाईल," गुनवोर दबक्या आवाजात म्हणाली.

राग्नाने डबा खाली ठेवला नाही. मांडीवरच घट्ट धरून तिने भावजयीकडे असं पाहिलं, की सत्तर वर्षांत आपल्याला कुणी गप्प बसवलेलं नाही, तू कोण लागून गेलीस. पण बसली मात्र गप्प.

सकाळपासून दोघी सिमलेस्कार खिंडीच्या तोंडाशी एका जुन्या खड्ड्यात बसल्या होत्या. कधीकाळी पूर्वजांनी रेनडिअर पकडायला खणलेला, आतून दगडांनी बांधलेला खड्डा. आता बुजत बुजत छातीइतका उरला होता. ही खिंडही राग्नाची आणि हा खड्डाही. लग्न न करता बापाची जमीन तिने एकटीने राखली होती.

गुनवोरचं म्हणाल तर वर्षभर वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलणारी बाई. पण शरद ऋतूत रेनडिअर माजावर आले, की ती दुर्बीण गळ्यात अडकवून डोंगर चढायची. एरवी नर वेगळे, माद्या वेगळ्या. याच दिवसांत सगळे एकत्र येतात, म्हणून मोजणी तेव्हाच होते. सव्वीस वर्षं तिने एकही मोजणी चुकवली नव्हती. मोजणीच्या कागदावर दोन सह्या लागतात. दुसरी तिच्या नवऱ्याची, हाल्वोरची असायची. हाल्वोर मार्चमध्ये गेला.

"सहीला माणूस हवं," एवढंच सांगून तिने नणंदेला ओढत आणलं होतं. खरं कारण वेगळं होतं.

खिंडीतून सुट्टीच्या बंगल्यांसाठी रस्ता न्यायचा, असं नगरपालिकेच्या मनात होतं. मागच्या उन्हाळ्यात रस्त्याची आखणी करणारे मोजणीदार आले आणि त्यांनी राग्नाच्या परवानगीने खिंडीत एकोणीस खुंट्या रोवल्या, प्रत्येकीला लाल फीत. त्याच शरदात गुनवोरला कागदावर शून्य लिहावं लागलं, कारण एकही जनावर खिंड ओलांडून गेलं नाही. यंदाही शून्य आलं, तर ही वाट मेली असं धरून रस्त्याला मोकळीक मिळणार होती. सभा उद्या सकाळी दहाला होती. खुंट्यांना जनावरं बिचकतात, असं गुनवोरने कचेरीत जाऊन सांगितलं होतं. तिथला साहेब हसला होता, काड्यांना कोण घाबरतं म्हणाला होता. स्वतः उपटाव्या, तर निरीक्षकाने डोंगरावर कशालाही हात लावायचा नाही, हा नियम.

राग्नाला रस्ता हवाच होता; जमीन द्यायच्या कागदावर ती उद्याच्या सभेत सही करणार होती. शाळा बंद पडली, दुकान बंद पडलं. रस्ता झाला तर संध्याकाळी कुठेतरी दिवे दिसतील, असं ती सगळ्यांना सांगायची. एकटीने काढलेल्या हिवाळ्यांनंतर तिचं तरी काय चुकलं?

वारा खिंडीतून थेट तोंडावर येत होता. दहाच्या सुमारास उतारावर हालचाल दिसली आणि थोड्याच वेळात कळप समोर आला. पांढऱ्या आयाळीचा, मान सुजल्यासारखी जाड झालेला मोठा नर घोगरं हुंकारत माद्यांभोवती फेऱ्या मारत होता. बाजूला दोन तरण्यांची शिंगं एकमेकांवर आपटत होती. वास असा, की राग्नाने रुमाल नाकाला लावला.

"हे तीन आठवडे धड खातसुद्धा नाहीत," गुनवोर कुजबुजली.

"आणि आमच्या हाल्वोरला ताटात एक बटाटा कमी पडला तर घर डोक्यावर घ्यायचा."

गुनवोरला हसू आलं, आणि लगेच दुर्बिणीतलं सगळं धूसर झालं. तिने बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा मोजायला लागली. माज उतरला की या बाप्यांची शिंगं गळून पडतात, पोटुशा माद्यांची मात्र हिवाळाभर राहतात, असं तिने सांगितलं तेव्हा राग्नाने मान डोलावली. बरंच आहे म्हणाली, कुणीतरी धाक ठेवायलाच हवा.

नर कितीही मिरवला तरी वाट काढते ती म्हातारी मादी. ती वासराला घेऊन पुढे निघाली आणि कळप तिच्यामागे. खिंडीच्या तोंडाशी, पहिल्या खुंटीपासून तीस पावलांवर ती थांबली. मागे सगळे थांबले. तिने एक पाऊल टाकलं. वाऱ्याची झुळूक आली, एकोणीस फिती एकदम फडफडल्या. ती फुरफुरली, वासराला आडवी आली आणि मागे वळली. कळप वळला. तो मिरवणारा नरही मुकाट वळला.

राग्नाने फडफडणाऱ्या फितींकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा सांगायचे, पूर्वी आपले लोक इथे अशाच काठ्या रोवायचे. वर लाकडाच्या पातळ ढलप्या बांधायचे, वाऱ्यावर हलायला. जनावर बिचकायचं आणि या खड्ड्यांकडे वळायचं."

"हो."

"तुला माहीत होतं."

"तुम्हालाही माहीत होतं, वन्सं."

राग्नाने खड्ड्याच्या दगडावरून हात फिरवला. "लिही, पलीकडे गेली म्हणून. मी करते सही. मला खोटं पाडायची कुणाची छाती आहे बघू."

"नाही," गुनवोर म्हणाली. "जे पाहिलं नाही ते सव्वीस वर्षांत लिहिलं नाही. रस्ता होवो नाहीतर न होवो, मी खोटं लिहिणार नाही."

तिने शून्य लिहिलं, ठळक. खाली शेऱ्यात लिहिलं: खुंट्यांपाशी आली, थांबली, वळली. राग्नाने कागद ओढून घेतला, दोनदा वाचला आणि पेन्सिल दाबून सही केली. मग खड्ड्याच्या काठाला हात टेकून, गुडघ्यांना शिव्या घालत बाहेर पडली.

"कुठे निघालात?"

"माझी जमीन आहे. तुला हात लावायची बंदी ना? मग बस तिथे नियम पाळत."

गुनवोर बसून राहिली. राग्नाने पहिली खुंटी दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटली. मग दुसरी. सातवीला ती मातीत धपकन पडली, उठली, कुणावर तरी तोंडसुख घेतलं आणि आठवीकडे गेली. गुनवोर सवयीने मोजत होती. एकोणीस भरल्या. फिती सोडून राग्नाने कोटाच्या खिशात कोंबल्या.

"आणि उद्या सभेत काय सांगाल?" मोळी घेऊन ती परत आली तेव्हा गुनवोरने विचारलं.

"उद्या त्यांना माझी सही हवी आहे. माझी सही आज झाली, म्हणून सांगेन."

कळप आता परत येणार नव्हता. तो केव्हाच उत्तरेच्या उतारामागे गेला होता. राग्नाने अखेर डबा उघडला, झाकण चांगलं वाजवून, आणि अर्धी भाकरी भावजयीपुढे धरली. गुनवोरने ती घेतली आणि कागद पिशवीत ठेवण्याआधी एकदा पाहिला. हाल्वोरची तिरकी सही असायची त्या जागी आता मोठी, गिचमिड अक्षरं होती. आडनाव मात्र तेच होतं.